रुमालाखालचा हात

सुदर्शन सरांना लाज फार लवकर वाटायची. एखाद्याला ऊठसूट सर्दी होते, तशी.

नांदेडच्या एका ज्युनियर कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवायचे. फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढून बाजार म्हणजे काय, हे पोरांना असं झकास समजावून सांगायचे की मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवायची. आणि या माणसाचे वडील, किशनराव, उभा जन्म बैलबाजारात दलाली करत होते, ही गोष्ट मात्र सरांनी कॉलेजात, कॉलनीत कुणालाही कळू दिली नव्हती. वडील काय करतात असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, शेती. बायकोनंही शेतीच म्हणायचं आणि मुलीनंही शेतीच. अहमदपूरकडच्या गावात थोडी कोरडवाहू जमीन होतीही, त्यामुळं तसं खोटं काही नव्हतं. पण किशनराव शेतात कमी आणि हाळी गावच्या बाजारात, माळेगावच्या जत्रेत जास्त सापडायचे. बैलाचे दात बघायचे, खूर बघायचे, चार पावलं चालवून बघायचे, आणि मग घेणाऱ्याचा अन् विकणाऱ्याचा मेळ घालून द्यायचे. "किशनराव मधी हाय म्हणल्यावर फिकीर न्हाई," असं लोक म्हणायचे. मुलाला मात्र त्यांच्या धोतराचा शेणकट वास आणि चारचौघांत मोठ्यानं बोलायची सवय, एवढंच दिसायचं.

मग किशनरावांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, आणि निघाला तेव्हाच तो हाडांत उतरलेला होता. आता करण्यासारखं फार काही नाही, असं मोठ्या दवाखान्यात सांगितल्यावर सरांनी त्यांना नांदेडला आपल्या घरी आणलं. इथं सरांना नावं ठेवायला जागा नाही, आणलं ते मनापासून आणलं. हॉलशेजारची खोली रिकामी केली, कठड्याचा, वरखाली होणारा पलंग भाड्यानं आणला. डॉक्टर सौदामिनी घरी येऊन बघायच्या. बऱ्या न होणाऱ्या माणसांचं दुखणं हलकं करायचं आणि उरलेले दिवस त्यांना माणसासारखे जगू द्यायचे, हेच त्यांचं काम. त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या, पोट साफ राहायचं औषध दिलं आणि बजावून सांगितलं, "वागण्या-बोलण्यात काहीही फरक वाटला, बरळायला लागले, दिवसा झोप अन् रात्री जागरण असं झालं, तर मला लगेच फोन करायचा. लपवायचं नाही. त्याच्यावर इलाज असतो."

"छे, लपवायचं कशाला?" सर म्हणाले होते.

किशनरावांचं सगळं शिवकन्या करायची. शिवकन्या म्हणजे सरांची बायको, हदगावकडच्या शेतकऱ्याची लेक, तोंडानं फटकळ आणि हातानं मायाळू. सासऱ्याला ती मामंजी म्हणायची आणि गोळी घ्यायला कुरकुर केली की लहान पोराला दटावावं तसं दटावायची. दुखायचं थांबल्यावर म्हातारा खुलला. सकाळी गॅलरीत बसून खाली येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारू लागला. सर आतून हळूच म्हणायचे, "आबा, जरा आवाज." तेवढ्यापुरतं आबा गप्प बसायचे.

दसऱ्याच्या सुमाराला त्यांचं बिनसलं. दिवसा पेंगायचे, रात्री टक्क जागे. आपण कुठं आहोत ते कळेना. चादरीवरून बोटं फिरवत राहायचे, काहीतरी शोधत असल्यासारखी. सुदर्शनला ओळखायचे आणि घटकाभरानं त्यालाच विचारायचे, "पाहुणे, कुठून आलाव?" वय झालं, आजार मोठा, असं होणारच, असं म्हणून सरांनी ते मनावर घेतलं नाही.

एक दिवस दुपारी सर कॉलेजातून आले आणि खोलीच्या दारातच थबकले. शिवकन्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली होती. तिचा उजवा हात कोपरापर्यंत चादरीखाली होता. किशनरावांचाही हात चादरीखालीच होता आणि तिथं काहीतरी हलत होतं. म्हाताऱ्याचा एक डोळा बारीक झालेला, ओठांवर हसू. "बोल की," ते हलक्या आवाजात म्हणत होते. "घाबरू नको. कुणाला कळत न्हाई."

शिवकन्येनं त्यांना बघितलं, पण हात काही बाहेर काढला नाही. "हात दिला की गप पडतेत," ती म्हणाली. "न्हाईतर नुसती तगमग तगमग."

सरांनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"तुला लाज नाही वाटत?"

"कशाची?"

"ते भ्रमात आहेत. तू तर शुद्धीवर आहेस ना? सासऱ्याच्या पांघरुणात हात घालून बसतेस?"

शिवकन्येच्या तोंडावरचा रंगच गेला. तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग ओट्याकडं. "अहो, ते नुसती बोटं दाबतेत. त्यांचं ते..."

"पुरे. मला ऐकायचं नाही. यापुढं त्यांचं सगळं मी करीन. तू त्या खोलीत जायचं नाही."

"बरं," ती म्हणाली. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारी बाई नुसतं बरं म्हणाली, तेव्हाच शहाण्या माणसानं ओळखायला पाहिजे होतं. पण सरांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हाताऱ्याच्या मनात काय काय साठून राहिलं असेल, असा एक घाणेरडा विचार त्यांच्या मनात आला, आणि आला तो मुक्कामालाच राहिला.

डॉक्टरबाईंना फोन करावा असं त्यांना वाटलं. पण सांगणार काय? आमचे वडील सुनेचा हात धरतात, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? फोन हातात घेऊन त्यांनी तो परत खिशात टाकला.

त्यानंतर जे व्हायला नको तेच झालं. कॉलेजचे उपप्राचार्य श्रीपाद सर आणि त्यांच्या पत्नी देविकाताई आबांना भेटायला आले. शहाळी आणली होती, मोसंबी आणली होती. देविकाताई फार सोज्वळ बाई, कुणाचंही आजारपण असलं की जाणार, पेशंटजवळ दोन मिनिटं टेकणार. त्यांनी मायेनं किशनरावांच्या हातावर हात ठेवला. किशनरावांनी तो हात अलगद धरला, चादरीचं टोक उचलून त्याच्यावर टाकलं, डोळा बारीक केला आणि देविकाताईंची बोटं एक एक करून दाबायला लागले. "बोल. घाबरू नको. कुणाला कळत न्हाई."

देविकाताईंनी हात सोडवून घेतला आणि नकळत पदराला पुसला. श्रीपाद सर वर पंख्याकडं बघत राहिले. चहा ठेवला होता, तो कुणी घेतला नाही. लिफ्टपर्यंत सोडायला गेलेल्या सुदर्शन सरांना श्रीपाद सर एवढंच म्हणाले, "काळजी घ्या. वय झालं की असं होतं काही काही." त्यांच्या त्या समजूतदारपणानं सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते तरातरा खोलीत आले, वडिलांच्या कानाशी वाकले, आणि आयुष्यात कधी बोलले नव्हते ते बोलले. "सुनेचा हात धरता. परक्या बाईचा हात धरता. या वयात लाज नाही वाटत? मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही तुम्ही." किशनराव त्यांच्याकडं बघत होते. ऐकू गेलं की नाही, कळलं की नाही, काही समजायला मार्ग नव्हता. सरांना वाटलं, नाहीच कळलं.

मग त्यांनी शिवकन्येची जुनी सुती साडी फाडली आणि वडिलांचे दोन्ही हात पलंगाच्या कठड्यांना बांधले. दवाखान्यात नाही का बांधत सलाइन लावताना, असं त्यांनी स्वतःला समजावलं. समजावण्यात ते हुशारच होते. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणल्या आणि त्या द्यायला सुरुवात केली. डॉक्टर सौदामिनींचा चौकशीचा फोन आला तेव्हा म्हणाले, "छान आहेत. झोपून असतात."

झोपून कसले? गोळीनं तासभर डोळा लागायचा आणि मग दुप्पट तगमग. किशनराव हात ओढायचे, पाय झाडायचे, घसा फुटेपर्यंत ओरडायचे, "सोडा रे! मी न्हाई काही केलं! इचारा कुणालाबी!" मनगटं सोलून निघाली. सर दार लावून घ्यायचे, टीव्हीचा आवाज मोठा करायचे. शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल, याच काळजीनं ते अर्धे झाले होते. शिवकन्या दाराबाहेर उभी राहायची. आत जायची मनाई होती, पण दारात उभं राहायची मनाई तेवढी कुणी केली नव्हती.

शेवटी एका सकाळी ती म्हणाली, "मी डॉक्टरबाईला बोलावलंय. काय ओरडायचं ते नंतर ओरडा."

डॉक्टर सौदामिनी आल्या, खोलीत शिरल्या आणि आधी त्यांनी ती बांधलेली चिंधी सोडली. दोन्ही हातांची. मग किशनरावांच्या पोटावरून हात फिरवला. ओटीपोट टणक लागत होतं, आणि दाबताच म्हातारा कळवळला.

"लघवी कधी झाली होती?"

सरांना सांगता येईना. वडिलांचं सगळं आपण करू, असं ते मोठ्या तोऱ्यात बोलले होते आणि एवढंसुद्धा बघितलं नव्हतं.

"आणि शौचाला?"

तेही सांगता येईना.

डॉक्टरांनी नळी घातली. पिशवी भरत गेली तसतसा किशनरावांच्या कपाळावरच्या आठ्या सैल होत गेल्या. मग त्यांनी टेबलावरच्या गोळ्यांचं पाकीट उचलून बघितलं. "हे मी दिलेलं नाही."

"झोप येत नव्हती म्हणून..."

"सर, लघवी तुंबलेली, पोट साफ नाही, वर मॉर्फिन, त्यात ह्या झोपेच्या गोळ्या, आणि हात बांधलेले. तुम्ही-आम्ही असतो तरी भ्रमात गेलो असतो. मला फोन का नाही केला?"

सर खालमानेनं म्हणाले, "ते... बायकांचे हात धरतात."

त्यांना वाटलं होतं, बाई चपापतील. बाई चपापल्या नाहीत. "मग धरू द्यायचे," त्या म्हणाल्या. "यातलं बरंचसं आता उतरेल. ह्या गोळ्या बंद. भ्रमावरचं थोडंसं औषध मी देते. खोलीत उजेड ठेवा, समोर घड्याळ लावा, चष्मा घाला त्यांना. रोजची माणसं जवळ राहू द्या. आणि बांधायचं नाही, काही झालं तरी. बांधलं की भीती वाढते, भीतीनं भ्रम वाढतो." किशनरावांच्या मनगटांना मलम लावता लावता त्या पुढं म्हणाल्या, "यात माणसाच्या स्वभावाचं काही नसतं. उलट कितीतरी जण भ्रमात आपलं जन्माचं काम करत असतात. लातूरला माझ्या पेशंट एक आजी होत्या, दिवसभर हवेत भाकरी थापायच्या. एक एसटीचे ड्रायव्हर होते, ते पडल्या पडल्या गिअर टाकायचे. आबा काय करायचे?" बेसिनचा नळ सोडत त्यांनी विचारलं.

"शेती," सर म्हणाले. इतक्या वर्षांची सवय.

आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडत असतानाच त्यांची नजर पलंगाकडं गेली. मोकळा झालेला उजवा हात चादरीखाली शिरला होता. चादर वर-खाली होत होती. दोन बोटं जोडली गेली, मग सुटली, मग सगळा पंजा मिटला. किशनरावांचा डोळा बारीक झाला होता.

सरांना माळेगावची जत्रा दिसली. धुरळा, घुंगरं, आणि बैलाच्या पायांशी उभा असलेला लहानगा सुदर्शन. समोर एक गरीब शेतकरी, गोऱ्हे विकायला आलेला, भोवती माणसांची दाटी. आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, त्या माणसाचा हात हातात घेतला आणि दोघांच्या हातांवर रुमाल टाकला. आता बोलायचं ते बोटांनी. एक बोट दाबलं की एक आकडा, पंजा दाबला की दुसरा. तोंडानं किंमत काढायचीच नाही. पडत्या भावात विकायची पाळी आली तरी ती चारचौघांना कळू नये, गरिबाची इज्जत राहावी, म्हणून तर तो रुमाल. तो शेतकरी बावरला होता. आबा डोळा बारीक करून, हसून त्याला म्हणाले होते, "बोल. घाबरू नको. कुणाला कळत न्हाई."

घरात रुमाल नव्हता म्हणून म्हाताऱ्यानं चादर घेतली होती, एवढंच. जो हात जवळ आला त्याच्याशी तो सौदा करत होता. आणि समोरून उत्तर आलं नाही की तगमगत होता.

डॉक्टर बेसिनवर हात धूत होत्या. "काय म्हणालात? नळाच्या आवाजात ऐकू नाही आलं."

आता तरी सांगायचं होतं. कॉलेज नव्हतं, कॉलनी नव्हती, ऐकणारी बाई परकी आणि शहाणी. पण सर म्हणाले, "शेतीच." दारात शिवकन्या उभी होती. तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं आणि आत जाऊन डॉक्टरांसाठी टॉवेल घेऊन आली.

डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं. दोन दिवसांत भ्रम ओसरला. किशनरावांनी घड्याळ वाचलं, वार विचारला, वरण पातळ झालंय म्हणून सांगितलं. घरातल्यांना हायसं वाटलं. पण एक गोष्ट वेगळीच झाली होती. किशनराव दोन्ही हात काखेत घालून पडून राहायचे. शिवकन्या औषध घेऊन आली की अंग चोरून पलीकडं सरकायचे. "पोरी, ठिव तिथं. घेतो मी." घेता तर यायचं नाही, पेला हातातून निसटायचा. तिनं भरवायला घास पुढं केला की तोंड फिरवायचे. नळीची पिशवी बदलायला डॉक्टरांकडच्या नर्सताई आल्या, तर त्या जाईपर्यंत ह्यांनी डोळे उघडले नाहीत.

सरांनी डॉक्टरांना फोन केला. या खेपेला लगेच केला. "अजून भ्रम आहे बहुतेक. कुणाला हात लावू देत नाहीत."

डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. "हा भ्रम वाटत नाही," त्या म्हणाल्या. "भ्रमातलं सगळंच पुसून जातं असं नाही, सर. काही काही लक्षात राहतं, अर्धवट. त्यांना जवळ बसून विचारा, काय आठवतंय. आणि जे झालं ते खरं खरं सांगा."

सर जाऊन बसले. स्टुलावर, शिवकन्या बसायची तिथं.

"आबा, हात असे का धरलेत?"

किशनराव भिंतीकडं बघत होते. तिकडंच बघत त्यांनी विचारलं, "सुदर्शन, मी लई वंगाळ केलं का रे?"

"काय?"

"सूनबाईचा हात धरला म्हणं. आन कुण्या परक्या बाईचा. मला याद न्हाई बघ. देवाशप्पथ न्हाई. पर तूच म्हनलास की कानात, लाज न्हाई वाटत म्हनून." त्यांचा आवाज फाटला. "तुझी माय गेल्यापासून मी कुण्या बाईकडं मान वर करून बघितलं न्हाई. आन आता मरायच्या टायमाला हे असं कसं झालं असंल?"

भ्रम ज्याचा त्याला सोडून गेला होता. मुलानं कानात ओतलेलं तेवढं आत राहिलं होतं. सरांना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"आबा, तसं काही नव्हतं," ते घाईघाईनं म्हणाले. "तुम्ही सौदा करत होता. बैलाचा. रुमालाखाली धरता तसा चादरीखाली हात धरून. चूक माझी झाली. मला कळलं नाही. मी तुम्हाला नको ते बोललो. मीच तुमचे हात बांधले."

किशनरावांनी मान वळवून मुलाकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, कौतुक होतं, आणि तेच जास्त लागलं.

"झाकायलास माझं," ते म्हणाले. "चांगलं पोरगं हायेस."

"नाही आबा, खरंच."

"तुझ्या तोंडी बैलबाजार कवापासून रे आला? आजवर कधी नाव घेतलं न्हाईस." ते थोडं हसले आणि हात आणखी आत, काखेत दडवले. "ऱ्हाऊ दे. बापाचं झाकावंच पोरानं."

जन्मभर ज्या गोष्टीची लाज धरली, ती आज वडिलांच्या बाजूनं साक्षीला उभी केली, तर साक्षीवर विश्वास कोण ठेवणार? सर उठले आणि स्वयंपाकघरात गेले. शिवकन्या पोळ्या लाटत होती.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"ते बोटं का दाबत होते."

लाटणं थांबलं नाही. वडिलांना ती दादा म्हणायची. "आमच्या दादांनी दोन जोड्या मामंजींच्याच हातून घेतल्या. अंगणात बसून दादा आम्हा पोरांना करून दाखवायचे, कसं बोटानं बोलतेत ते."

"मग सांगितलं का नाहीस?"

आता मात्र लाटणं थांबलं. "सांगायलेच होते की. पण तुम्ही म्हणाला, तुला लाज नाही वाटत. बाईमाणसाला नवऱ्यानं असं विचारल्यावर तिनं बैलांच्या गोष्टी सांगत बसायचं का?"

सरांनी हात जोडले. स्वयंपाकघरात, बायकोपुढं, अर्थशास्त्राचे सुदर्शन सर हात जोडून उभे राहिले. "माझं चुकलं. त्यांना माझं खरं वाटत नाही. तू चल."

ती लगेच आली नाही. तव्यावरची पोळी उलटली, भाजली, उतरवली, गॅस बंद केला. मग हात धुऊन दोरीवरचा टॉवेल ओढला आणि खोलीत गेली. सर मागोमाग.

"मामंजी," ती स्टुलावर बसत म्हणाली. "आमच्या दादांचा सौदा तुम्ही केल्ता, पवळा आन ढवळा. लई महाग दिले म्हणून दादा जन्मभर कुरकुरले. आज मी वसूल करणार." तिनं आपल्या हातावर टॉवेल टाकला आणि हात पुढं केला. "बोला."

किशनरावांचे डोळे चमकले. काखेतला हात थोडा बाहेर आला. बोटं उघडली. आणि अर्ध्या वाटेत थांबली. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या मुलाकडं बघितलं. धरू का, असं ते विचारत होते. पंचक्रोशीतले सौदे ज्याच्या शब्दावर व्हायचे, तो माणूस सुनेच्या हाताला हात लावायला मुलाची परवानगी मागत होता.

"धरा की, आबा," सर कसेबसे म्हणाले.

तेव्हा कुठं हात टॉवेलाखाली गेला. टॉवेल हलला. शिवकन्येनं मान झटकली, "परवडत न्हाई." पुन्हा हलला. "अंहं. गोऱ्हा लंगडा हाय तुमचा." किशनराव खुदकन हसले. त्या दिवशी त्यांनी तिच्या हातानं वरणभात खाल्ला. भाव काय ठरला ते दोघांनीही सांगितलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला नाही, हे सरांनाही कळत होतं. श्रीपाद सरांना आणि देविकाताईंना जाऊन खरं काय ते सांगायचं, असंही त्यांनी मनाशी ठरवलं, आणि ठरवण्यावरच भागवलं.

पुढं किशनराव खंगत गेले. शेवट जवळ आलाय, पण आता त्यांना त्रास होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून मुलीला, ऋतुजाला पुण्याहून बोलावून घेतलं. आजोबांची ती फार लाडकी. बॅग दारातच टाकून ती खोलीत धावली आणि "आजोबा" म्हणत तिनं दोन्ही हात पुढं केले.

किशनरावांचा चेहरा उजळला. हात उचलला गेला. आणि पुन्हा तेच. नातीच्या हाताला हात लावायच्या आधी त्यांची नजर खोलीभर फिरली, सुदर्शनवर येऊन थांबली आणि वाट बघत राहिली.

ऋतुजाला कळेना. तिनं मागं वळून बघितलं. "बाबा, आजोबा तुमच्याकडं काय बघतायत? माझा हात का धरत नाहीत?"

"माझ्यामुळं," सर म्हणाले. आज सांगायचंच, असं ठरवून ते पलंगाच्या कडेला बसले. "ऋतुजा, तू इथं नव्हतीस तेव्हा मी आजोबांना..."

किशनरावांनी तोच अर्धवट उचललेला हात हलवून त्यांना थांबवलं. बोलायला त्यांना आता फार जड जात होतं. एकेक शब्द सुटा सुटा येत होता.

"जाऊ दे. पोरीपुढं कशाला? तुझी इज्जत जाईल."

आणि खोटं कशाला सांगायचं, सुदर्शन सर थांबले.